सात दहाची गाडी

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार

उद्या मांडूला निघायचं. लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि मुलं बरोबर नसताना आम्ही दोघंच कुठे निघालो असं हे पहिल्यांदा. शालिनीचा भाऊ अविनाश भाऊबीजेला आला होता. तो कालच रसिकाला आणि अमोघला घेऊन जळगावला गेला. घर इतकं शांत आहे की फ्रिज सुरू झाला की कळतं आणि बंद झाला की जास्त कळतं.

मांडूची फाइल पूर्ण झाली. चौसष्ट पानं, सगळी माझ्या हाताची. नकाशाही स्वतः काढला आहे, मीटरच्या प्रमाणात. आज संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर हसमुखभाईंना आणि इतर तिघाचौघांना जहाज महालात पाणी कसं खेळवलं आहे ते समजावून सांगितलं. हसमुखभाई म्हणाले, "जनार्दनभाई, तमे तो गया वगर ज जोई आव्या!" न जाताच पाहून आलात, म्हणे. सगळे हसले. मीही हसलो. घराची किल्ली त्यांच्याकडे दिली, दूध आणि पेपर बंद केला.

बॅग भरताना शालिनी म्हणाली, "अहो, स्टेशनला एकदा फोन करून गाडीची वेळ विचारा ना."

"सात दहा. वहीत आहे."

ही वही मी बारा वर्षांपूर्वी केली. बडोदे स्टेशनवरून सुटणाऱ्या सगळ्या गाड्या, रविवारच्या लाल शाईत. बाजव्याजवळच्या आमच्या कारखान्यात लोक छापील टाइमटेबल उघडत नाहीत, मला विचारतात. मी तिथे इन्स्ट्रुमेंट सेक्शनला आहे. दाबाचे गेज तपासून बरोबर करून देणं हे माझं काम. काट्यात तबकडीवरच्या अर्ध्या घराचा फरक असला तरी माझ्या टेबलावरून गेज पुढे जात नाही. हे मला कोणी कॉलेजात शिकवलेलं नाही.

जेवताना शालिनी म्हणाली, "तिकडे गेल्यावर मला तुमच्याशी एक बोलायचंय."

"आत्ता बोल की."

"आत्ता नको. निवांतपणे."

कार्यक्रमाचा कागद पाहिला. गुरुवारी पाच ते साडेपाच, रूपमती मंडप, सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास मोकळा आहे. तिथे पेन्सिलीने लिहिलं: शा. बोलणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी सहा पस्तीसला स्टेशनवर पोचलो. म्हणजे पस्तीस मिनिटं आधी. फलाट रिकामा. चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, गेली. कोणती गेली? तुमचीच. सहा पंचवीसला गेली.

जुलैपासून वेळ बदलली आहे. तिकिटावर खालच्या ओळीत बारीक अक्षरांत ६.२५ छापलेलं आहे. दोन महिने ते तिकीट माझ्या फाइलीत होतं. मी वहीत पाहिलं, तिकिटात पाहिलं नाही.

शालिनी बॅगेवर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. म्हणून मी विचारलं, "तू वाचलं होतंस?"

"हो. तिकीट आणलंत त्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"फोन करा म्हटलं होतं."

पुढच्या चार दिवसांत रिझर्व्हेशन नाही, दिवाळीची गर्दी. एसटीचे नऊ-दहा तास माझ्या मणक्याला डॉक्टरांनी मना केले आहेत. शालिनी म्हणाली, "चला घरी जाऊ. गॅस लावते, मस्त पोहे करते. झालं ते झालं."

"आणि बाकावर काय सांगू?"

तिने बॅग उचलली.

सकाळी पावणेआठला आम्ही स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. अकरा नंबर. रजिस्टरमध्ये 'कुठून आलात' असा रकाना होता. मी आयुष्यात कुठल्याही रजिस्टरमध्ये खोटी नोंद केलेली नाही. पेन धरून उभा राहिलो. शालिनीने माझ्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, जळगाव. तिचं माहेर. म्हणजे तसं पूर्ण खोटं नाही.

मॅनेजर म्हणाला, "बरोडा पहेली वार?"

"हा, पहेली वार," शालिनी म्हणाली, आणि जिना चढताना पदर तोंडाला लावून हसत सुटली. पाचव्या पायरीवर तिला थांबावं लागलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पण ती अशी हसलेली मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती, हे नोंदवतो.

दुपारी नवीन कार्यक्रम आखला. चोवीस वर्षं या गावात राहतो, पण नीट पाहिलं कुठे? बडोदेही ऐतिहासिक शहरच आहे. कारेलीबागेकडे, म्हणजे आमच्या सोसायटीकडे, जायचं नाही, एवढीच अट.

५ नोव्हेंबर, बुधवार

राजवाडा. साडेनऊ ते साडेबारा. दरबार हॉलच्या रंगीत काचांबद्दल गाइड सरधोपट सांगत होता, त्याला मी दोन ठिकाणी दुरुस्त केलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "साहेब, तमेज बोलो ने." मग मीच बोललो. अहमदाबादचं एक कुटुंब बरोबर होतं, त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. शालिनी मागे राहिली होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "एवढ्या खोल्यांत माणसं एकमेकांना हाक कशी मारत असतील?"

प्रश्न चांगला आहे. घंटांची काही व्यवस्था असावी. शोधलं पाहिजे.

दुपारी रस्त्यावर शेव-उसळ खाल्ली. खाताना समोरून आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ स्कूटरवरून येताना दिसले. मी तोंड फिरवून भिंतीवरची जाहिरात वाचू लागलो. शालिनी तशीच उभी, हातात पाव. ते गेल्यावर म्हणाली, "त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तुम्हाला वाटतं तेवढं कोणी बघत नसतं हो."

नंतर तिने मला एका गल्लीतून न्यायमंदिराच्या मागच्या बाजूला आणलं. वाट मला माहीत नव्हती. मी म्हणालो, ही वाट तुला कशी ठाऊक? म्हणाली, "भजनी मंडळाला येते ना मंगळवारी-गुरुवारी." मंडळ कारेलीबागेतच भरतं असा माझा समज होता.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हे लिहायला जड जातं आहे.

आज तीन वाजता मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय होतं. शालिनी सकाळपासून म्हणत होती, ते राहू दे, त्यापेक्षा कमाटीबागेत बसू. मी म्हणालो, पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, खालपर्यंत उजेड जावा म्हणून. असं दुसरीकडे बघायला मिळणार नाही. मी स्वतः आत कधी गेलो नव्हतो. माझी पुस्तकं मी रद्दीवाल्याकडून विकत घेतली. एक-एक वाचलं. कोणाच्या कार्डावर नाही.

आत शिरलो आणि काउंटरवरचे चष्मेवाले गृहस्थ उठून उभे राहिले. "या शालिनीताई! पेढे कधी?"

मी मागे पाहिलं, दुसरी कोणी शालिनी आहे का.

"हे आमचे मिस्टर," ती म्हणाली. "हे भास्करराव."

"नमस्कार. ताईंनी रजा काढायला लावली वाटतं तुम्हाला! पाहुण्यांना काचेचे मजले दाखवा, ताई. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच आम्हाला सांगाल."

मग ती पुढे आणि मी मागे. काचेच्या जमिनीवरून ती भराभर चालली. मी पाय जपून टाकत होतो. खाली माणसांच्या सावल्या हलत होत्या. एक मुलगी तिला विचारायला आली की अमुक पुस्तक कुठे सापडेल, आणि हिने कपाटाकडे न पाहता ओळ आणि फळी सांगितली. काचेबद्दल मी फाइलीत जे लिहून आणलं होतं ते मी बोललो नाही.

बाहेर आलो. सूरसागरच्या काठावर बसलो. पाणी हिरवट, शेजारी दाणेवाला. तिने माझं मनगट धरून घड्याळ पाहिलं.

"पाच वाजले. गुरुवार आहे."

म्हणजे तो पेन्सिलीचा शेरा तिने वाचला होता.

तिने सांगितलं ते असं. गेल्या वर्षी ती बाहेरून बी.ए. झाली. या वर्षी ग्रंथालयाचा कोर्स केला. भरूचच्या एका मुलींच्या शाळेत ग्रंथपाल म्हणून तिला बोलावलं आहे. होकाराचं पत्र दहा तारखेपर्यंत टपालात टाकायचं, सतरापासून हजर व्हायचं. इथून अप-डाऊन करणार. सकाळी पावणेसातची गाडी, संध्याकाळी साडेसहापर्यंत परत.

मी म्हणालो, "बी.ए.ला क्लास कोणता?"

हेच का विचारलं, कोण जाणे.

"सेकंड."

"मुलांना माहीत आहे?"

"फॉर्म अमोघने भरला. रसिका माझी उजळणी घ्यायची."

घरात माणसं चार. तिघांना माहीत.

"आणि भजनी मंडळ?"

"नव्हतंच."

चार वर्षं. चार वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की आज कोणतं भजन म्हटलंत. विचारलं असतं तर काय म्हणाली असती?

मग म्हणालो, "लपवलंस का?"

तिने दाणे खाणं थांबवलं. "ध्रुव आठवतो? डिप्लोमा झालेला, तुमच्या वर घेतला तो? त्या दिवशी तुम्ही आलात, ताट पुढे सारलंत आणि म्हणालात, या पदव्या म्हणजे कागदाच्या होड्या सगळ्या. माझा फॉर्म त्या वेळी डब्यांच्या मागे होता. म्हटलं, आत्ता नको, थोडं थांबू. मग थांबतच गेले."

ध्रुवला त्या वर्षी साधा गेज शून्यावर आणता येत नव्हता. हे मी तिला पुन्हा सांगितलं. ती हो म्हणाली.

"तू मला विचारते आहेस की सांगते आहेस?"

"विचारते आहे." तिने दाण्यांची पुडी मिटली. "उत्तर काय पाठवायचं ते मात्र मी ठरवलंय."

साडेपाचला उठलो. कार्यक्रमात तेवढाच वेळ होता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मी सकाळपासून बोललो नाही. ती म्हणाली, "आज कुठे?" मी म्हणालो, "तू थांब. माझी पाठ दुखते." पाठ माझी दुखत होती आणि थांबायला तिला सांगितलं, हे नंतर लक्षात आलं.

एकटाच तांबेकर वाड्यात गेलो. पहारेकऱ्याने दार उघडून दिलं. भिंतीभर चित्रं: लढाया, रास, एक साहेब खुर्चीवर. माझ्याकडे सात पानांची माहिती होती. सांगायला कोणी नव्हतं. दीड तास ठेवला होता, पंधरा मिनिटांत पाहून झालं. एका चित्रातली बाई खिडकीतून बाहेर पाहत आहे, तिच्यापुढे मात्र जरा थांबलो. कशाकडे पाहते ते चित्रात नाही, तिथला पोपडा पडला आहे.

मग अट मोडली. रिक्षा करून कारेलीबागेत गेलो आणि समोरच्या मेडिकल स्टोअरच्या कडेला उभा राहिलो. आमची गॅलरी दिसत होती. हसमुखभाई आमच्या तुळशीला पाणी घालत होते. बाकावर नेहमीची मंडळी, नेहमीसारखं हसणं. माझी जागा मोकळी ठेवलेली नव्हती, तिथे कोणाची तरी पिशवी होती. मी अर्धा तास उभा होतो. कोणी माझं नाव काढलं असतं तर तिथपर्यंत ऐकू आलं नसतं, हे खरं. तरी मी कान देऊन होतो.

लॉजवर आलो तर ती पलंगावर बसून माझी मांडूची फाइल वाचत होती. चाळीसाव्या पानावर होती.

"तुमचं अक्षर फार सुंदर आहे," म्हणाली. "तुम्ही हे सगळं एकट्याने केलंत, कोणी शिकवलं नाही, याचं मला किती वाटतं ते तुम्हाला माहीत आहे का?"

मी म्हणालो, "चहा मागवू?"

मागवला. साखर जास्त होती. मी तक्रार केली नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

ठरल्याप्रमाणे संध्याकाळी घरी. रिक्षात शालिनी म्हणाली, "मांडूचं काय सांगायचं ते तुम्ही सांगा. मी मान डोलावते. फाइल वाचली आहे, अडलात तर सावरून घेईन." तिने घेतलंही असतं. चार वर्षं भजनी मंडळ चालवलेली बाई.

बाक भरलेला होता. हसमुखभाई उठले. "आवो आवो! केवुं लाग्युं मांडू?"

माझ्या हातात फाइल होती. मी पहिलं पान उघडलं. जहाज महालाची लांबी मला पाठ आहे. सुरू केलं असतं तर रात्रीपर्यंत बोललो असतो आणि एक आकडा चुकला नसता.

मी म्हणालो, "गाडी चुकली. सहा पंचवीसची होती. माझ्या वहीत सात दहा आहे."

हसमुखभाई माझ्याकडे पाहतात, बॅगांकडे पाहतात. "तो पांच दहाडा तमे हता क्यां?" पाच दिवस होतात कुठे?

शालिनी म्हणाली, "बरोडामां. बहु सरस शहेर छे, हसमुखभाई. एक वार जोवा जेवुं." फार छान शहर, एकदा पाहण्यासारखं.

असे हसले सगळे, की वरच्या मजल्यावरच्या बायका बाहेर आल्या. मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं: एवढं एक वाक्य बोलायला मला पाच दिवस लागले. तिला तिचं बोलायला चार वर्षं लागली. वाट अडवून दोन्हीकडे मीच बसलो होतो.

हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. खोडत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

मुलं परत आली. आल्या आल्या तिघांची स्वयंपाकघरात कुजबुज झाली आणि मी पाणी प्यायला गेलो तर थांबली. रसिका म्हणाली, "बाबा, तुम्ही रागावला नाहीत ना?" मी म्हणालो, नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी गेजकडे बघतो तशी.

शालिनीने होकाराचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. "एकदा बघता?"

लाल पेन घेऊन बसलो. दोनदा वाचलं. एकही चूक नाही. पेनाला टोपण लावलं आणि तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "सही कुठे हवी आहे तुमची त्यात. नुसतं बघा म्हटलं होतं."

पत्र टाकायला मी गेलो. पेटीची वेळ पाटीवर वाचून घेतली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तिचा पहिला दिवस. सकाळी घरी कोणी असावं म्हणून मी दुसरी पाळी मागून घेतली होती, ती उद्यापासून मिळाली. म्हणून आज रजा.

सकाळी स्टेशनवर सोडायला गेलो. फलाटावर अप-डाऊनवाल्या बायकांचा घोळका होता. त्यांनी तिला लगेच आत ओढलं, खिडकीजवळ जागा दिली. ती काहीतरी म्हणाली, काचेतून ऐकू आलं नाही. मी हात केला. गाडी सुटल्यावर लक्षात आलं, सुटायची वेळ मी घड्याळात पाहिलीच नाही.

घरी आलो. मुलं शाळेत. ओट्यावर जेवण झाकून ठेवलेलं, वर चिठ्ठी: 'आमटी गरम करून घ्या.' एकट्याने जेवलो. इतकी वर्षं ती दुपारी अशीच जेवत असणार. मंगळवार-गुरुवार सोडून.

वही काढली. सात दहावर रेघ मारून सहा पंचवीस लिहिलं. मग वाटलं, बाकीच्या किती बदलल्या असतील? छापील टाइमटेबल विकत आणलं पाहिजे. वही कपाटात ठेवून दिली.

तीनला ग्रंथालयात गेलो. भास्कररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "शालिनीताईंचे मिस्टर ना?"

"हो."

सभासदत्वाचा फॉर्म दिला. नाव, पत्ता, व्यवसाय भरलं. पुढे 'शिक्षण'. या रकान्यात मी आजवर सगळीकडे आडवी रेघ मारत आलो. आज लिहिलं, मॅट्रिक नापास. अक्षर नेहमीसारखंच आलं. भास्कररावांनी ते वाचलं आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे एका सभासदाची शिफारस लागते. ओळखीचं कोणी आहे?"

"आहे एक. संध्याकाळी येते."

"मग उद्या आणा. सावकाश."

आता सहा वाजले आहेत आणि मी फलाटावरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. फॉर्म घडी करून खिशात आहे. तिची गाडी सहा अठ्ठावीसला यावी असं मला वाटतं, पण खात्री नाही. म्हणून चौकशीच्या खिडकीपाशी गेलो. माझ्यापुढे सहा माणसं होती. रांगेत उभा राहिलो.

माझा नंबर आला तेव्हा खिडकीतला म्हणाला, "भरूचवाळी? पचीस मिनिट लेट."

मी त्याला आभारी आहे म्हणालो. त्याने वर पाहिलं.

म्हणजे अजून पाऊण तास तरी आहे. आज पहिल्या दिवशी तिथे काय झालं, ते तिला विचारायचं आहे. विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवतो.